शेवटची वीस मिनिटं

बोरखडी, ता. सेलू
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. स्वरदा,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून तो लिहिला असं समज. ठेवायचा की परत पाठवायचा, ते तुझ्याकडे.

दोन वर्षांनी लिहितो आहे. तुमचं येलदरी इथून पंचेचाळीस किलोमीटर. जिंतूरला गाडी बदलली तरी माणूस दोन तासांत पोचतो. पत्राला चार दिवस लागतात. मी पत्र निवडलं, यावरून तुझ्या वडिलांच्या शौर्याची कल्पना यावी. तुझा नवा नंबर तुझ्या आईकडे आहे. मी मागितलेला नाही, तिनं दिलेला नाही. ती तुझ्याशी स्वयंपाकघरात बोलते आणि मी मधल्या खोलीत पेपर वाचतो. पेपर दुपारीच वाचून झालेला असतो. तेव्हा सहावा महिना सरत आला, पायांवर सूज नाही, चहाचा वास सहन होत नाही, एवढं मला ठाऊक आहे. माझं व्याकरण कच्चं असेल, पण कान शाबूत आहेत.

लिहिण्याचं कारण शाळा. आमचे मुख्याध्यापक बन्सीधर सर यांना या वर्षी स्नेहसंमेलनात नाटक हवं आहे, आणि ते आपल्या सिनेमाचं हवं आहे. आपला सिनेमा म्हणजे तोच, गाण्यांचा, परदेशी. दोन मोहल्ले, एकातला मुलगा, दुसऱ्यातली मुलगी. भांडायच्या आधी सगळे नाचतात आणि नाचून दमले की भांडतात. दर जानेवारीत मी तो शाळेच्या पडद्यावर लावतो, माइक घेऊन शेजारी उभा राहतो आणि मराठीत सांगत जातो. सोळा वर्षं झाली. शेवटची वीस मिनिटं राहिली की मी पायानं वायर ओढतो आणि लाइट गेली म्हणून जाहीर करतो. आपल्या भागात यावर कोणी शंका घेत नाही. मृत्यू रंगमंचावर दाखवू नये, असं आपलं नाट्यशास्त्र सांगतं. मी फक्त पालन करतो.

तू नववीत असताना घरी येऊन विचारलंस, "बाबा, पुढं काय होतं?" मी म्हणालो, लग्न होतं. परभणीला कॉलेजात गेल्यावर तू तो पूर्ण पाहिलास आणि फोन केलास. हसत होतीस. "सहा वर्षं फसवलंत बाबा."

विजेच्या नावानं इतकी वर्षं खोटं बोललो, आणि जावई मिळाला तो वीज तयार करणाऱ्या केंद्रात नोकरीला. वरच्याला विनोद कळतो.

गावाचं ठीक आहे. हनुमान जयंतीची पालखी आधी जोशी गल्लीतून जायची की पाटील गल्लीतून, हा वाद एकोणीस वर्षांचा झाला. देव आतच बसून आहे. तुझे सासरे लिंबाजी मला रस्त्यात दिसतात. नमस्कार करतात. लेकाशी, योगीराजशी, मात्र अजून बोलत नाहीत. पत्रिका जुळत नसताना लग्न केलं म्हणून. ती पत्रिका मी पाहिली होती, हे गावाला ठाऊक आहे. त्या दुपारबद्दल या पत्रात लिहिणार नाही.

पोचपावतीसह रजिस्टर करतो आहे. सही तेवढी कर.

उद्धव
(बाबा म्हणावं की नाही, याचा निर्णय तुझा.)


शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. स्वरदा,

पोचपावतीचं कार्ड आलं. सही तुझीच आहे. पंचांगात ठेवलं आहे.

नाटकाची तालीम सुरू झाली. नायिकेच्या भागासाठी दहावीतली सुकेशनी घेतली. आवाज खणखणीत आणि भीड शून्य. बन्सीधर सरांची सूचना अशी की शेवट गोड करावा. दोन्ही मोहल्ल्यांनी मिळून अक्षता टाकाव्यात. मी तसा लिहून दिला. कालिदासाच्या परंपरेतला माणूस आहे, मला गोड शेवट जड जात नाही. सुकेशनीनं पान उलटून पाहिलं.

"सर, हे तर खोटं हाय."

"कशावरून?"

"मी मोबाईलवर बघितलाय अख्खा. तुमच्या इथं लाइट जाती. आमच्या इथं न्हाई जात."

मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "सर, त्याला मारणारा वेगळाच हाय. पर तो मरतो त्या खोट्या निरोपानं. ती मेली म्हणून सांगतेत आन् ती जिवंत असती. निरोप सांगणाऱ्याला ठावं असतंय. त्याला का कुणी काई करत न्हाई?"

मी म्हणालो, पुढचा प्रवेश घ्या.

हे लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते असं, की बुधवारी दुपारी लिंबाजी आपल्या ओसरीवर आले. गल्ली ओलांडून. तुझी आई वालूरच्या बाजाराला गेली होती. मी निबंध तपासत होतो.

"गुरुजी, एक इच्चारायचं हाय. पालखीचं न्हाई."

"मग बसा," मी म्हणालो.

बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचा डावा गुडघा आता पुरता वाकत नाही, तो सरळ ठेवून बसतात. बराच वेळ अंगणातल्या पारिजातकाकडे पाहत राहिले. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"पोरगं बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई. आमचं दोघाचं ठीक हाय. पर नातवंडानं काय केलंय? योगीराजच्या मायला झोप न्हाई. तिला सातव्यात सुनंची वटी भरायची हाय. आन् तीच म्हणायलीय, एकनाडी हाय, आपला हात लागला आन् लेकराला काई झालं तर कसं? सकाळी जाऊ म्हणती, दुपारी नगं म्हणती. दोन वर्सं झालं शनवार धरायलीय. तुमी सांगा. तुमी म्हणसाल तसं."

एका वाक्याचं उत्तर होतं. जा, म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "पंचांग पाहून सांगतो."

त्यांनी टोपी घातली, नमस्कार केला आणि गेले. निबंध राहिले होते, ते मी पूर्ण केले. विषय होता माझा आवडता सण. एकेचाळीस जणांनी दिवाळी लिहिली आहे आणि एकानं पोळा.

उद्धव


रविवार, २९ डिसेंबर २०२४

चि. स्वरदा,

दुसरं कार्ड आलं. तुझ्या सहीतल्या शेवटच्या रेघेला पूर्वी एक झटका असायचा. या वेळी नाही. मी यातून काही अर्थ काढत नाही, फक्त कळवतो.

आता ती दुपार. तुला ठाऊक आहे ती, पण माझ्या हातानं लिहिलेली नाही, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा कार्तिक. लिंबाजी दोन टिपणं घेऊन आले. एक योगीराजचं. दुसरं मुलीचं, वहीच्या पानावर. नाव नव्हतं. म्हणाले, "पोरगं म्हणलं, नाव मागून सांगतो. आधी गुरुजीला दाखवा, ते म्हणतील ते मला मान्य हाय." मुलीचं जन्मस्थळ जिंतूर, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. ती वेळ दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणाच्या मनगटावर पाहिली गेली होती, हे मला आठवायला कष्ट पडले नाहीत. अक्षर तुझं होतं. अक्षर लपवायचं तू विसरली नव्हतीस, तुला ते लपवायचं नव्हतं.

तुझा डाव मला लगेच समजला. बाप तोंडानं नाही म्हणेल, पण शास्त्रात खोटं घालणार नाही. त्याच्याच तोंडून एकदा जुळतं म्हणून गेलं, की पुढं त्याला बोलायला जागा नाही. डाव उत्तम होता. मी शिकवलेल्या मुलीला शोभणारा. त्यात एकच चूक होती, आणि ती म्हणजे मी.

रोहिणी आणि पुष्य. मी नेहमीसारखी टिपणवही काढली, नेहमीसारखं गणित केलं. सत्तावीस गुण. नाडी वेगळी. संततीला उत्तम. वही मिटली आणि लिंबाजींना म्हणालो, "एकनाडी आहे. मुलांना बाधतं. हे स्थळ सोडा."

का, असं तू विचारलेलं नाहीस. मी स्वतःला विचारलं आहे. जोशी गल्ली काय म्हणेल, शाळेतले काय म्हणतील, पालखीच्या बैठकीत कोणत्या तोंडानं बसू, अशी कारणं नंतर जमवली, आणि ती बरी दिसतात. त्या वेळी यातलं काही मनात नव्हतं. मनात इतकंच होतं की हा माणूस उठून गेला की घर नेहमीसारखं होईल आणि मी चहा घेईन. मी चहा घेतला.

संध्याकाळी जेवताना तू विचारलंस, "बाबा, रोहिणीची नाडी कोणती?"

अंत्य. आठ वर्षांची असताना तुला बोटांच्या पेरांवर मोजायला मीच शिकवलं होतं.

मी म्हणालो, "आमटी वाढ."

तू वाढलीस. नवव्या दिवशी तू घरात नव्हतीस.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या समजुतीप्रमाणे मी लग्नाला विरोध करणारा एक सामान्य बाप आहे. ते पद मला मानवलं होतं.

लिंबाजींना अजून उत्तर दिलेलं नाही. दोनदा भेटले. "बघितलं का गुरुजी पंचांग?" मी म्हणालो, बघतोय. सातवा महिना पुढच्या आठवड्यात संपतो. आठव्यात ओटी भरत नाहीत, हे मी तुला सांगायला नको.

मला वाईट वाटतं, असं लिहायला पेन उचललं होतं. पण तसं नेमकं म्हणता येत नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, त्यानंतर गाल कसा दुसऱ्याचा वाटतो, तसं आहे. चावलं तरी कळत नाही.

उद्धव


शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. स्वरदा,

काल लिंबाजींच्या घरी गेलो. पाटील गल्लीत मी एकोणीस वर्षांत पाय ठेवला नव्हता. गल्ली तशीच आहे, फक्त गटारावर फरशा आल्या आहेत. वाटेत कडूबाई भेटली. तिला आता कमी दिसतं, पण गुरुजी चुकीच्या गल्लीत आहेत एवढं दिसलं. "वाट चुकलात का काय?" मी म्हणालो, नाही, आता सापडली. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. पुढं उपयोग झाला नाही.

लिंबाजी ओसरीवर होते. तुझ्या सासूबाई, कमलबाई, दाराच्या आत, पदर घेऊन. तुझी नणंद अर्पिता चहा ठेवायला आत गेली. मी चहा होईपर्यंत थांबलो नाही, कारण चहा झाला की मी परतलो असतो.

मी सरळ सांगितलं. पत्रिका जुळत होती. एकनाडी नव्हती. मी खोटं बोललो.

लिंबाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. कीव आली.

"गुरुजी," ते म्हणाले, "लेकीसाठी जीव तुटतो. समजतं मला. पर आसं बोलू नगा."

"लिंबाजी, मी खरं सांगतोय."

आतून कमलबाई बोलल्या. "आता तुमी काय बी बोलसाल, गुरुजी. बापच हावं तुमी. सुनंला घरात घ्यावं म्हून बोलायलाव. तवा तुमाला कुठं ठावं व्हतं, चिठ्ठी तुमच्या लेकीची हाय म्हून? तवा बोललाव ते खरं."

"ठाऊक होतं. अक्षर ओळखलं होतं मी."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ठावं आसतं तर तुमी आसं बोलला नसता. पोटच्या पोरीचं कोन वाईट सांगंल?"

त्यांच्या हिशेबात मी असा माणूस नाहीच. मी दोन वर्षांपूर्वी जे बोललो ते गुरुजी बोलले. आज बोलतोय तो एक बाप. त्यांचा बापावर विश्वास नाही, गुरुजींवर आहे. मी माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला गेलो होतो आणि साक्षीदार म्हणून नापास झालो.

चहा आला. घेतला. अर्पितानं चांगला केला होता.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सगळी जुडी निवडून झाली, देठ गोळा करून सुपात टाकले. मग म्हणाली, "वहीत काय लिहिलंत?"

"कशाच्या?"

"टिपणवहीत. तुम्ही तोंडानं बोलाल काहीही. लिहिताना खोटं लिहिणार नाही तुम्ही. किराण्याच्या यादीतसुद्धा एक बिस्किट पुडा मी लपवते, तुम्ही नाही."

मी म्हणालो, वही माळ्यावर असेल.

"मग काढा," ती म्हणाली.

अजून काढलेली नाही. आठवा महिना चालू आहे, आता घाई कसली, असं मी स्वतःला सांगतो. तुझी आई हेमा माझ्याशी बोलते, सगळं बोलते: गॅस संपला, दूधवाला आला नाही. तुझ्याशी फोनवर मात्र ती आता गच्चीवर जाऊन बोलते. त्यामुळे तुझ्या तब्येतीबद्दल मला गुरुवारपासून काहीच माहिती नाही.

उद्धव


सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. स्वरदा,

नाटक झालं नाही. सुकेशनीनं ऐन वेळी पाठांतर सोडलं. "सर, खोटा शेवट आसला की मला ध्यानातच राहत न्हाई." बन्सीधर सर म्हणाले, दुसरी मुलगी घ्या. दुसरी म्हणाली, सुकेशनी नाही तर मी पण नाही. तेव्हा नाटकाऐवजी दरसालचा सिनेमाच लावायचं ठरलं. शनिवारी दुपारी, मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून. संमेलन असल्यानं पालकही होते. डाव्या बाजूला जोशी गल्ली, उजवीकडे पाटील गल्ली; मधून जायला वाट ठेवली होती आणि तिच्यावरून कोणी गेलं नाही. लिंबाजी भिंतीला टेकून होते, पाय लांब करून. कमलबाई बायकांत.

वीस मिनिटं राहिली. वायर माझ्या पायाजवळच होती. सुकेशनी पहिल्या रांगेत बसून माझ्या पायाकडे पाहत होती, पडद्याकडे नाही.

मी पाय मागे घेतला.

पुढचा भाग मराठीत कधी सांगितलेला नव्हता, त्यामुळे तयारी नव्हती. ती बाई निरोप घेऊन येते, रागाच्या भरात उलटंच बोलून जाते. मी माइकवर म्हणालो, "ती मुलगी मेली असं ही बाई सांगते आहे. हे खोटं आहे. मुलगी जिवंत आहे. सांगणाऱ्या बाईला ते ठाऊक आहे." एवढं सांगायला हरकत नव्हती. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "ठाऊक असून सांगते आहे. तिच्यावर त्यांचा विश्वास आहे, म्हणून ते मानतात." मग मी माइक खाली केला. सिनेमा आपला चालू होता, त्याच्या भाषेत.

मुलगा मेला तेव्हा मागून कडूबाईचा आवाज आला. "आवं गुरुजी, आज लाइट का जाईना?"

कोणी हसलं नाही. संपल्यावर दोन्ही गल्ल्या एकाच दारातून बाहेर पडल्या, कारण दुसऱ्या दाराला कुलूप होतं.

काल झेंडावंदन करून आलो तर लिंबाजी ओसरीवर बसलेले. सोबत कमलबाई आणि अर्पिता. हेमानं पाणी दिलेलं होतं. वही समोर चौरंगावर होती. ती माळ्यावरून मी काढलेली नव्हती; तुझ्या आईनं काढून, पुसून ठेवली होती. बहुधा पंधरा दिवसांपूर्वीच.

"वही दाखवा, गुरुजी," लिंबाजी म्हणाले. "काल तुमी माइकवर बोलत व्हताव ते सिनेमाचं नव्हतं."

मी पान काढून दिलं. अर्पितानं वाचलं. तिला अक्षर लागायला वेळ लागत होता, त्यामुळे शब्द एकेक करून येत होते. कार्तिक वद्य पंचमी. वर लिंबाजी यांचे चिरंजीव. वधू, नाव नाही. रोहिणी, पुष्य. गुण सत्तावीस. नाडी भिन्न. संततीस शुभ. पुढं ती अडखळली. पुढची ओळ मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, स्वरदा. "विवाहास मुहूर्त, वैशाख शुद्ध त्रयोदशी, गोरज."

मुहूर्तसुद्धा काढला होता मी. तुझा. काढला, लिहिला, आणि वही मिटून ते वाक्य बोललो.

कमलबाईंनी पान हातात घेतलं. त्यांना वाचता येत नाही. पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "मंग माझे दोन वर्साचे शनवार?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, ते कुठं गेले. व्रतवैकल्यांवर मी गावात इतकी वर्षं बोलतो.

लिंबाजी म्हणाले, "पोरगं मला म्हणलं व्हतं, गुरुजी खोटं बोलले म्हून. त्याच दिवसांत, दोन वर्सांखाली." ते माझ्याशी बोलत होते पण पाहत होते स्वतःच्या तळहाताकडे. "मी त्याच्या तोंडात मारली. पंचवीस वर्साच्या पोराच्या. गुरुजी खोटं बोलत न्हाईत म्हणलो, आन् मारली. त्यानं हात न्हाई वर केला. तसाच गेला."

हे तुला ठाऊक असणार. मला नव्हतं.

ते उठले. दाराशी थांबले. "नववा कवा लागतो?"

हेमानं सांगितलं, बुधवारी, पाच तारखेला. मला कोणी विचारलं नाही. पंचांग माझ्या हातात होतं.

उद्धव


बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरदा,

हे पत्र आणणारी माणसं दारात उभी असतील तर आधी त्यांना आत घे. हे नंतर वाच. लिंबाजींना खुर्ची दे, जमिनीवर बसवू नकोस; गुडघा.

कमलबाईंच्या पिशवीत खण, तांदूळ, नारळ, हळकुंडं आहेत. तुझ्या आईच्या डब्यात डिंकाचे लाडू आहेत. एक जळला होता तो मी खाल्ला. दोघी सकाळी सहापासून फाट्यावर आहेत आणि एकमेकींना ताई म्हणायला लागल्या आहेत. पाटील गल्लीतली जीप आहे. तीत जोशी गल्लीतली बाई पुढं बसली आहे, हे दहा जणांनी पाहिलं. पालखीच्या बैठकीत यावर चर्चा होईल.

लिंबाजी योगीराजला काय म्हणतील, सांगता येत नाही. बहुतेक धरणात पाणी किती आहे ते विचारतील. योगीराजनं ते सांगावं. फूट, टक्के, जे काही असेल ते सविस्तर सांगावं.

मला त्यांनी चल म्हटलं नाही. मी निघालोही नव्हतो. आता जीपपर्यंत जाईन, पिशवी वर देईन. लिंबाजी पत्र घेतील, खिशात ठेवतील आणि बटण लावतील.

वहीतलं ते पान सोबत आहे. शिवणीपासून नीट कापलं आहे. तुला ते माझ्या तोंडून हवं होतं. बोललो, पण तू समोर नव्हतीस, आणि मुहूर्त टळून पावणेदोन वर्षं झाली. लेखी तरी तुझ्याकडे असावं. क्षमेचा शब्द यात नाही, ती मागायला आधी सुई उतरावी लागते, आणि अजून गाल माझा झालेला नाही.

घरात आज कोणी नाही. हेमा जेवण झाकून गेली आहे. पंचांगात चार कार्डं आहेत. चौथ्यावरची सही योगीराजची आहे. त्या दिवशी तू झोपली असशील, किंवा तुला सही करायची नसेल. मी दोन्ही धरून चाललो आहे.

या पत्राला पोचपावती लावलेली नाही. तू वाचलंस की नाही, ते मला कळणार नाही.

उद्धव